शरयूची चौकशी

चेरीताल, जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२५

शरयू,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, असं लिहायची आमच्या घरची पद्धत आहे. विनंती मला काहीच करायची नाही. विशेष मात्र आहे, आणि ते वाचून तुझी झोप उडणार आहे, तेव्हा बसून वाच.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला वर्ष होत आलं. मेलला उत्तर येत नाही. म्हणून कागद. तू ठाण्याला आली आहेस हे मला कळलं आहे, आणि घरचा पत्ता तूच एकदा लिहून दिला होतास, सुट्टीत नक्की ये म्हणून. पाकिटावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून राहिली आहे. तुझ्या बाबांच्या हाती पडलं तर ते खूश होऊन तुला हाक मारतील, अगं, तुझ्या जबलपूरच्या मैत्रिणीचं पत्र. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नाही ना.

तर ऐक. काल रविवारी सकाळी भानुमती काकू आमच्याकडे आल्या. मदन महल भागातल्या भानुमती काकू, गौरांगची आई. गौरांग कोण ते मी तुला काय सांगू. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवतो, उंच आहे, हळू बोलतो, आणि तीन आठवड्यांपासून रोज तुझ्याशी फोनवर बोलून राहिला आहे. काकू म्हणाल्या, पत्रिका जुळली, मुलाला मुलगी आवडली, मुलीची कंपनी घरून काम करू देते म्हणून ती जबलपूरला राहायला तयार आहे. आता फक्त चौकशी राहिली.

तुझ्या ठाण्यात काय करतात मला माहीत नाही. आमच्या जबलपूरच्या मराठी लोकांत चौकशीशिवाय सोयरीक होत नाही. घरं थोडी, सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे बाहेरची मुलगी म्हटलं की हे लोक घाबरतात. मग तिला जवळून पाहिलेलं एक तरी आपलं माणूस शोधतात, त्याच्या घरी जातात, पाणी पितात आणि तोंडासमोर बसून विचारतात. फोनवर नाही. ते माणूस जे म्हणेल ते शेवटचं. माझ्या मावशीचं ठरत आलेलं लग्न यातच मोडलं. ज्यांना विचारलं त्या बाई वाईट काहीच बोलल्या नव्हत्या, नुसत्या गप्प बसल्या होत्या.

आणि तुझ्या बाबांनी कोणाचं नाव दिलं असेल? माझं. "तुमच्या जबलपूरचीच रुचिरा देवतळे आमच्या शरयूची पोलंडमधली जिवाभावाची मैत्रीण होती, तिलाच विचारा." काकू हे सांगून राहिल्या होत्या तेव्हा आई पदर सावरत इतकी खूश होऊन बसली होती की विचारू नको. आई तुला अजून चांगलीच म्हणते. तुझ्याबद्दल एक शब्द तिला ऐकवत नाही.

काल काकू घाईत होत्या. मुरलीधर काकांना, म्हणजे तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांग झालं. फॅक्टरीतून रिटायर झाले आणि सहा महिन्यांत अंथरुणाला खिळले. त्यांच्याकडून व्यायाम करवून घेणारा मुलगा यायचा होता म्हणून काकू दारातूनच म्हणाल्या, "बेटा, पुढच्या रविवारी निवांत येते. तू मला सगळं खरं सांगशील ना?"

मी म्हटलं, "सांगीन की काकू. काहून नाही सांगणार?"

तर रविवारी, २३ तारखेला. स्वभाव विचारतील, सवयी विचारतील, तब्येत विचारतील. तब्येतीचं मला बरंच माहीत आहे, नाही का? कोणत्या डॉक्टरकडे, किती वेळा, गोळीचा रंग कोणता. मी तीन वेळा तुझ्यासोबत येऊन त्या बाकावर बसली आहे. काय सांगायचं ते ठरवायला माझ्याकडे सहा दिवस आहेत, आणि खरं सांगते, वर्षभरात पहिल्यांदा मला सकाळी उठावंसं वाटून राहिलं आहे.

रुचिरा


१८ नोव्हेंबर

शरयू,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. हे कुरिअरनं पाठवून राहिली, दोन्ही एकदमच पोचतील. तरी दुसरं लिहून राहिली, कारण रविवारी बोलायची तयारी करताना सगळं पहिल्यापासून आठवावं लागतं. तुलाही आठवू दे.

मी व्रोत्स्वाफला उतरली ती गेल्या वर्षीच्या जानेवारीत. नाव पहिल्या आठवड्यात मला घेता येत नव्हतं, आईला तर आजवर येत नाही, ती पोलंडच म्हणते. चोवीस वर्षांची होती, घराबाहेर पहिल्यांदा. विमा कंपनीच्या तक्रारी सोडवायचं काम, ऑफिसमध्ये सगळे छान हसायचे आणि पाच वाजता आपापल्या घरी निघून जायचे. शुक्रवारी संध्याकाळी तोंड बंद झालं की सोमवारी सकाळी उघडायचं. आईशी फोनवर बोलायची तेवढंच. आई विचारायची, मैत्रिणी झाल्या का गं, आणि मी नावं बनवून सांगायची.

एप्रिलमध्ये मीच ठरवलं की असं मरायचं नाही. इंडियन दुकानातल्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली: शनिवारी सकाळी दहा वाजता पोहे. मराठी समजत असेल तर या, बोलता आलं नाही तरी चालेल. खाली पत्ता. आमच्याकडे जबलपूरला अर्धी पोरं अशीच आहेत, समजतं पण तोंडातून हिंदी निघतं. मला वाटलं तिकडेही असतील कोणी.

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. मी पाच माणसांचे पोहे केले होते, ते सोमवारपर्यंत खाल्ले. दुसऱ्या शनिवारीही कोणी आलं नाही. तिसऱ्या शनिवारी तू आलीस. निळा कोट, नाक लाल झालेलं, दारातच म्हणालीस, "मला आधी आत घे, मग ओळख करू." मी पोह्यांवर तर्री ओतली तर तू किंचाळलीस, पोह्यांवर रस्सा कोण घालतं. मग तीन प्लेटा खाल्ल्यास. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू गेली नाहीस. तू गेल्यावर मी आईला फोन करून सांगितलं की मला मैत्रीण मिळाली, आणि या वेळी ते खरं होतं.

हे मी तुझं कौतुक म्हणून लिहीत नाही आहे. कोणी कोणाला काय दिलं होतं ते ध्यानात राहावं म्हणून लिहून राहिली. जूनपर्यंत अकरा जणं झाली. समृद्धी आली, चिराग आला, वेदांग आला, सगळे माझ्या खोलीत, माझ्या चटईवर. सगळ्यांना त्या परक्या गावात शनिवारी जायला एक जागा झाली, आणि ती मी केली होती.

मग गणपती. समृद्धीचं घर मोठं म्हणून तिच्याकडे बसवला. आरती झाल्यावर करमणुकीचे कार्यक्रम, आणि तू उठून नक्कल केलीस. "जबलपूरची रुचिरा." ओढणी कमरेला खोचून, डोळे वटारून, काय करून राहिली, काहून जाऊन राहिली, भैया, दीदी, अच्छा, चलो. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसली. मला वाटलं, नाही हसली तर अजूनच हसतील. दुसऱ्या दिवशीपासून वेदांग मला "काहूनताई" म्हणायला लागला आणि तू त्याला एकदाही थांबवलं नाहीस. ही माझ्या आईची भाषा आहे, शरयू. माझ्या बाबांनी शेवटचं जे काही म्हटलं ते याच भाषेत म्हटलं. म्हणून पाहा, ही पत्रं मी अशीच लिहून राहिली आहे, एक अक्षर सुधारून घेतलं नाही.

त्यानंतर एकाएकी, कारण मला आजवर कळलं नाही, तू बोलणं तोडलंस. शनिवार समृद्धीकडे व्हायला लागला. नवीन ग्रुप झाला, त्यात माझं नाव नव्हतं. मी दहा वाजता पोहे करून बसायची आणि दार वाजायचं नाही. सगळ्या अकरा जणांना मी नकोशी झाली. माझेच लोक, माझाच शनिवार, आणि मीच बाहेर.

आता या वर्षीचा जानेवारी. अकरा तारीख, शनिवार, सकाळी साडेदहा. पोटात असं दुखलं की मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि उठता येईना. तुला सात वेळा फोन केला. मेसेज टाकला: शरयू, खूप दुखून राहिलं आहे, ये. तू तो वाचलास. निळ्या खुणा मी डोळ्यांनी पाहिल्या. तू ट्रॅमनं बारा मिनिटांवर समृद्धीकडे पोहे खाऊन राहिली होतीस. दहा मिनिटांनी माझा नंबर ब्लॉक झाला.

शेजारच्या हालिना बाईंनी मला दवाखान्यात नेलं, सत्तर वर्षांची म्हातारी, तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. तिनं मला पोचवलं आणि तिला घरी मांजर होती म्हणून गेली. अपेंडिक्स आतच फुटलं होतं. डॉक्टर म्हणाला, दोन तास उशीर झाला असता तर कठीण होतं. मी तिथे सहा दिवस होती. बाकीच्या बायांना भेटायला लोक यायचे, माझ्या पलंगाजवळची खुर्ची ते लोक विचारून घेऊन जायचे.

मार्चमध्ये मी सगळं सोडून परत आली. सगळ्यांना सांगितलं, हवा मानवली नाही.

रविवारी मी भानुमती काकूंना एवढंच सांगणार आहे: नाही आली. मग बाकीचं त्या स्वतःच विचारतील, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं मी उत्तर देईन.

रुचिरा


२१ नोव्हेंबर

शरयू,

काल दुपारी साडेतीनला तुझा पहिला फोन आला. दोन्ही पत्रं पोचली आणि ब्लॉक काढलास वाटतं. मी स्क्रीनकडे पाहत बसली. आई म्हणाली, कोणाचा गं, काहून घेत नाहीस? मी म्हटलं, बँकेवाले आहेत. रात्री जेवायच्या आधीपर्यंत तू सात वेळा केलास. मी मोजले. आठव्यांदा केला असतास तर कदाचित घेतला असता, पण तूही सातवरच थांबलीस.

मग तुझा मेसेज आला. "रुची, प्लीज बोल. माझं आयुष्य आहे हे." माझंही आयुष्यच होतं ते, पण जाऊ दे. त्याखाली दुसरा आला, तो मी आत्तापर्यंत पंधरा वेळा वाचला. "तू समृद्धीला माझ्या गोळ्यांबद्दल सांगितलंस ते पत्रात लिहिलं नाहीस. कारण कळलं नाही म्हणतेस? खरंच?"

बरं. लिहिते.

ऑगस्टमध्ये तुला ट्रॅममध्ये बसता येईना झालं. छातीत धडधड, हातपाय गार, आता मरते असं म्हणायचीस. मी तुला डॉक्टरकडे नेलं. त्यानं गोळ्या दिल्या आणि तू माझा हात धरून म्हणालीस, कोणाला सांगू नको, आईलाही माहीत नाही, माझं लग्न व्हायचं नाही. मी म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ. आणि पहिला महिनाभर मी खरंच कोणाला सांगितलं नाही.

मग मी समृद्धीला सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, भांडी विसळताना. मी म्हटलं, शरयूला सांभाळून घ्या हं, तिच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. काळजीनं सांगितलं, असं मी वर्षभर स्वतःला म्हणत आली. आज तुझा मेसेज वाचून तारखा मोजल्या. गणपतीची नक्कल झाल्यावर अकराव्या दिवशी सांगितलं. समृद्धीच्या पोटात काही राहत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला सांगितलं. तुझ्यावर सगळ्यांनी हसावं असं मला वाटत होतं. ते हसले नाहीत, तुझ्याकडे बिचारी म्हणून पाहायला लागले, आणि ते तुला जास्त लागलं असणार.

झालं. लिहिलं. तुला हवं होतं ना?

पण हिशोब बरोबर झाला असं समजू नको. माझ्या बोलण्यानं तुझ्याकडे चार लोकांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं. तुझ्या न येण्यानं मी मेली असती. तू मला शिव्या द्यायच्या होत्यास, घरी येऊन थोबाडीत मारायची होतीस, मी खाल्ली असती. जमिनीवर पडलेल्या माणसाचा मेसेज वाचून नंबर बंद करायचा, हे मला कोणी कितीही समजावलं तरी समजणार नाही. त्याच मेसेजमध्ये पुढे तू लिहिलंस की तुला ते नाटक वाटलं. मी तुझ्याशी एवढी खोटी कधी वागली होती, शरयू?

आणि इथे काय झालं ते तुला कुठे माहीत आहे. मला वाटलं घरी आली की सगळं जागेवर येईल. जबलपूरला माझ्या वयाचं आता कोणी राहिलं नाही. शाळेतली पुष्पा हैदराबादला, बाकीच्या लग्न होऊन पांगल्या. कुठल्याही हळदीकुंकवाला मी आईच्या मैत्रिणींमध्ये बसते आणि त्या मला विचारतात, पोलंडहून एवढ्या लवकर काहून आलीस बेटा. मी हसते. व्रोत्स्वाफला परकी होती, इथेही पाहुणीसारखी बसते. शनिवार आला की दहा वाजता मला अजूनही दाराकडे पाहायची सवय आहे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा लिहून राहिली.

म्हणून रविवारी मी थांबणार नाही. फोन करू नको.

रुचिरा


२३ नोव्हेंबर, रविवार

शरयू,

काकू अकराला आल्या. सोबत खोव्याची जिलबी, म्हणजे मन जवळजवळ झालेलं होतं. मी पांढरा कुर्ता घातला होता. वाक्य तयार होतं, सकाळी आंघोळीच्या वेळी दोनदा म्हणूनही पाहिलं.

आईनं चहा आणला आणि मुद्दाम तिथेच बसली. काकूंनी सुरुवात साध्या गोष्टींनी केली. स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, खायला जास्त येतो. हसल्या. राग येतो का. मी म्हटलं, येतो, आणि लवकर जात नाही. त्यावर काकू म्हणाल्या, चलो, तोंडावर दाखवते ते बरं. तब्येतीचं विचारलं. मी म्हटलं, थंडीत नाक लाल होतं. गोळ्यांचं मी बोलली नाही, ते मला शेवटासाठी ठेवायचं होतं.

मग काकूंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "बेटा, हे सगळं ठीक आहे. मला खरं एकच विचारायचं आहे. ह्यांचं असं, गौरांग दिवसभर कॉलेजात. उद्या मी पडली, ह्यांना काही झालं, तर ही मुलगी धावून येणारी आहे, की फोन पाहून बाजूला ठेवणारी आहे? तू तिकडे आजारी पडली होतीस ना? तेव्हा आली होती का ती?"

देवाकडे मागून घेतला असता तरी इतका नेमका प्रश्न मला मिळाला नसता. मी तोंड उघडलं.

माझ्याआधी आई बोलली. "अहो, आली होती म्हणजे काय? दोन दिवस हिच्या उशाशी बसून होती ती पोरगी. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं तिनं."

आता तुला हे सांगावंच लागेल. तीन पत्रं मी टाळलं. दवाखान्यातून मी आईला फोन केला तेव्हा ती वेड्यासारखी रडून राहिली होती. बाबा गेल्यापासून ती घरी एकटी, पासपोर्ट नाही, यायचं कसं. एकच विचारत होती, "तुझ्याजवळ कोण आहे? रुचिरा, तुझ्याजवळ कोण आहे?" मी म्हटलं, शरयू आहे. दुसरं नाव माझ्या तोंडात आलंच नाही. मग ती म्हणाली, दे तिला फोन. मी म्हटलं, ती आत्ताच डॉक्टरशी बोलायला गेली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, खाली चहा आणायला गेली. तिसऱ्या दिवशी म्हटलं, दोन रात्री जागली म्हणून मीच तिला घरी पाठवलं. आई शांत झोपली तिकडे. मी रोज तिला नवीन काही सांगायची, तू काय आणलंस, काय बोललीस. खोटं सांगतासांगता एक दिवस माझाच त्यावर थोडा विश्वास बसला होता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "हो ना, बेटा?"

आई माझ्याकडेच पाहत होती, हसून. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. पण मग तिच्यासमोर मला म्हणावं लागलं असतं की मी मरायला टेकली तेव्हा माझ्याजवळ कोणी नव्हतं, एक माणूस नव्हतं, आणि तुझी मुलगी सव्वा वर्ष त्या गावात राहून एवढंही कमवून आली नाही. ते माझ्यानं झालं नाही.

मी म्हटलं, "हो काकू. आली होती."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथूनच गौरांगला फोन लावला. उद्या त्या सराफ्यात अंगठी बघायला जाणार आहेत. साखरपुडा १४ डिसेंबरला, मदन महलला, त्यांच्या घरी. संध्याकाळपर्यंत आईला चार फोन आले. पोलंडच्या दवाखान्यात दोन रात्री मैत्रिणीजवळ बसणारी सून भानुमतीबाईंना मिळाली, ही गोष्ट आज जबलपूरच्या सगळ्या मराठी घरांत पोचली.

मी गच्चीवर जाऊन बसली. खूप रागावली होती, तुझ्यावर, आईवर, स्वतःवर. हातात आलेली वेळ गेली म्हणून रडली पण. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की गेली नाही. मी जे सांगणार होती त्यानं तुझं एक स्थळ मोडलं असतं. महिनाभर रडली असतीस, दुसरं मिळालं असतं, मला शिव्या देऊन मोकळी झाली असतीस. आता तू मोकळी नाहीस. आता तू माझ्या गावात येऊन राहणार आहेस, जिथे तुझं कोणी नाही, आणि इथले लोक तुला ज्या एका गोष्टीवरून ओळखणार आहेत ती तू केलेली नाही.

मी माफ केलं असं मनातही आणू नको. माफ करायचं असतं तर मी फोन घेतला असता.

गोळ्यांचं गौरांगला तू स्वतः सांग, साखरपुड्याच्या आधी. माणूस समजदार आहे, जनावरांचे आजार पाहतो, त्याला आजाराची लाज वाटत नाही. नाही सांगितलंस तर मी काय करीन ते अजून ठरवलेलं नाही.

आता पाठ कर. लोक विचारतील, आणि आईला एकेक गोष्ट तोंडपाठ आहे, तेव्हा चुकू नको. शनिवारी अकराच्या आत तू आलीस. मला जिन्यावरून धरून तूच उतरवलंस. ऑपरेशनच्या आधी मी घाबरली तर तू माझा हात धरून म्हणालीस, मी इथेच आहे. रात्री खुर्चीवर झोपलीस, कोट पांघरून. रविवारी मुगाची पातळ खिचडी आणलीस, डॉक्टरनं खाऊ दिली नाही म्हणून आपण दोघी हसलो आणि मला टाके दुखले. माझे केस विंचरलेस, वेणी घातलीस. मी रडली तेव्हा काही बोलली नाहीस, नुसती जवळ बसलीस. नर्सनं विचारलं, ही तुमची कोण, तर तू म्हणालीस, बहीण.

१४ तारखेला काकू हे सगळ्यांसमोर सांगतील. मुरलीधर काकांच्या पलंगाजवळ सांगतील, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. तुला मान खाली घालून ऐकावं लागेल. मी समोरच बसलेली असेन, आणि कोणी माझ्याकडे पाहिलं की मी हो म्हणेन. पुढेही, दर संक्रांतीला, दर लग्नात, कोणी आजारी पडलं की. लोक म्हणतील, शरयूला बोलवा, ती येते. तुला जावं लागेल.

आणि एक. मी परत आली त्या आठवड्यात आईनं कपाटातून तिच्या लग्नातली हिरवी पैठणी काढली. मला दिली नाही. ती म्हणाली, ही त्या पोरीची, माझ्या जागी तुझ्याजवळ बसली म्हणून. तेव्हापासून मलमलच्या कापडात बांधून ठेवली आहे. साखरपुड्याच्या दिवशी ती स्वतःच्या हातांनी तुला देणार आहे आणि तुझ्या पाया पडायला पण कमी करणार नाही. तिला पाया पडू देऊ नको. साडी घे, आत जा, आणि ती नेसून माझ्यासमोर येऊन बस.

रुचिरा